सव्वादोनचा हात

आखाडा बाळापूरच्या सायकल मिस्त्रीकाकांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. दुकानात पाऊल टाकलं की त्यांची नजर थेट मनगटाकडं जायची आणि "हात दाखव" एवढंच स्वागत व्हायचं. पुढं कधी बाजारात गाठ पडली आणि मी नमस्कार केला, तर आधी ते कपाळाला आठ्या घालून बघत राहायचे. मग जोडलेल्या हातांकडं लक्ष गेलं की चेहरा उजळायचा. "अगं, सव्वादोन! कशी हायस?" माझं नाव त्यांना अजूनही पाठ नाही.

सव्वादोन हे माझ्या बांगडीचं माप. काकांची आई कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची आणि लहानपणी काका तिच्या मागं मागं हिंडायचे. ओसरीवर बायांनी हात पुढं करायचे, तिनं ते नुसते दाबून बघायचे आणि सांगायचं, हिला सव्वादोन, तिला अडीच. काकांनी धंदा सायकलीचा धरला, पण नजर आईचीच राहिली. दुकानात पान्यांच्या शेजारी एका खिळ्याला निरनिराळ्या मापांच्या पितळी बांगड्यांची माळ टांगलेली असायची. कुणीही येवो, सायकलीला हात लावायच्या आधी त्या बांगड्यांतून हात घालायचा. कुठली बांगडी बसते त्यावरून हँडलच्या मुठी किती जाड हव्या, ब्रेकची दांडी किती जवळ, गिअरचा खटका कसला, हे काका ठरवायचे. त्यानंतर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं त्या हाताची आकृती काढायची आणि ते पान भिंतीला लावायचं. भिंतभर नुसते पंजे. नवख्या माणसाला ते ज्योतिषाचं दुकान वाटायचं.

पाठीमागं सगळे त्यांना 'बांगडी मिस्त्री' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. बांगडी फुटली असं आपल्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. काका हा शिष्टाचार सायकलीलाही लावत. ट्यूब फाटली की "ट्यूब वाढली", वायर तुटली की "वायर वाढली". एकदा एका गुरुजींची सायकल ट्रॅक्टरच्या चाकाखाली येऊन पार चपटी झाली. गुरुजी ती डोक्यावर घेऊन आले, तर काका हळहळून म्हणाले, "गुरुजी, ही तर अख्खीच वाढली हो." गुरुजींना हसावं का रडावं कळेना.

आणखी एक किस्सा बाळापुरात अजून सांगतात. एक गुरांचा व्यापारी सायकलीचे ब्रेक बसवून घ्यायला आला. गडी पैलवानी अंगाचा, आवाज असा की बाजारात बैल बिचकायचे. काकांनी बांगड्या पुढं केल्या तसा तो भडकला. "मिस्त्री, मी काय हातात बांगड्या भरल्यात व्हय?" काकांनी पाना खाली ठेवला. "माझ्या मायनं जिंदगीभर बायांचे हात पाह्यले," ते शांतपणे म्हणाले, "खुरप्यानं, जात्यानं घट्टे पडलेले. त्यातला एकबी हात कमजोर न्हवता. तुमचा हाय का तसा, बघू तर द्या." भोवतीची माणसं हसायला लागली आणि व्यापाऱ्यानं मुकाट्यानं हात घातला. तो निघाला दोन-दहाचा, म्हणजे अडीचच्याही वरचा. पुढं तो स्वतःच बाजारात सांगत फिरायचा, की अख्ख्या बाळापुरात दोन-दहा मी एकटा.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती अकरावीत. आमचं गाव बाळापूरपासून अकरा किलोमीटर. एसटी गावात यायची तोवर कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असायचे. बाळापुरात खोली करून राहणं ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आली नसती. उरली सायकल. पण मधे माळाचा लांबलचक चढ होता आणि मी अंगानं काडी. गावातल्या मैत्रिणीच्या साध्या सायकलीवर मी जाऊन पाहिलं होतं, पण तो चढ चालतच चढावा लागायचा. विज्ञान शाखा मी हट्टानं घेतली होती. मी सातवीत असताना आमची गाय अडली होती आणि डॉक्टर येईपर्यंत वासरू गेलं. त्या दिवसापासून मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे मी घरात एकदाच बोलले होते, पण ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

पुण्याच्या मामानं मामेभावाची जुनी गिअरची सायकल ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून पाठवली. ती बघायला अर्धं गाव आलं. तिचे गिअर मूठ पिरगाळून बदलायचे. माझा मामेभाऊ सहा फुटी, मूठ त्याच्या पंजाच्या बेताची. माझ्या हातात ती मावायचीच नाही. हाताला घाम आला की मूठ जागेवर राहायची आणि नुसता हात फिरायचा. मग चढावर मी दोन्ही हातांनी ती पिरगाळायची. जुलैमधल्या एका सकाळी असंच करताना पुढचं चाक डांबरावरून खाली घसरलं आणि मी सायकलीसकट नालीत. हनुवटीला तीन टाके पडले.

बाबा रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. रागावले असते तर रडून, रुसून काम झालं असतं. हळदीच्या बेण्यातली सडकी कांडी बाजूला काढावी तितक्या शांतपणे ते म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून परीक्षा दे."

"त्याच्यात सायन्स न्हाई, बाबा."

"मग जे हाय ते घे. माझ्याच्यानं पुन्हा दवाखान्यात बसवणार न्हाई."

आई मधे पडली. बरीच घासाघीस होऊन पोळ्यापर्यंतची मुदत मिळाली. पोळ्यापर्यंत चढ धडपणे जमला तर कॉलेज चालू, नाही तर सायकल मामाला परत आणि मी घरात. पोळ्याला महिना उरला होता.

हनुवटीला पट्टी लावून मी काकांच्या दुकानात गेले. "हात दाखव," काका म्हणाले. मी आधी हनुवटी दाखवत सगळी हकीकत सुरू केली, तर म्हणाले, "हनुवटीनं चालवतीस का? हात दाखव." सव्वादोनची बांगडी माझ्या हातातून अलगद आत गेली. त्यांनी हात दाबला. "हाडं नरम हायत. सव्वादोन. बोटाचा खटका." हा त्यांचा निकाल. बोटाचा खटका म्हणजे हँडलच्या खाली दोन छोट्या दांड्या, एक अंगठ्यानं ढकलायची, दुसरी पहिल्या बोटानं ओढायची. त्यांनी तो नांदेडहून मागवला, बसवला, आणि सायकल माझ्या हातात देताना त्यांचा कायदा सांगितला. तो ते प्रत्येकाला सांगत.

"ध्यानात ठेव. चालवताना ज्याला हात आठवला, त्याचं माप चुकलं. चप्पल बराबर असली तर पाय आठवतो का?"

मला हात आठवत होता. पहिल्याच दिवशी आठवला. मूठ धरली की माझा अंगठा त्या दांडीला जेमतेम टेकायचा. सपाटीवर कसंबसं जमायचं, चढावर दांडी अर्ध्यावर अडायची, साखळी करकरायची आणि मी खाली उतरून चालायला लागायची. चौथ्या दिवशी अंगठ्याचं मूळ सुजलं. घरी मी सांगितलं, वही लिहून लिहून सुजलं. हवा भरायला दुकानात थांबले तेव्हा काकांनी विचारलं, "हात आठवला का?"

"न्हाई, काका."

त्यांनी माझा हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबलं. मी कळवळले.

"काहून खोटं बोलून राहिली? तोंडाला जमतं ते हाताला जमत न्हाई, पोरी."

मला रडू फुटलं. पोळ्याची मुदत, सतरा नंबरचा फॉर्म, गाय, वासरू, सगळं मी त्या दुकानात बोलून टाकलं. काका माझ्याकडं न बघता ऐकत होते. मग ते भिंतीकडं गेले. तिथं एका शिक्षिकेच्या हाताची आकृती होती, तीही सव्वादोनची. त्यांनी माझा पंजा त्या आकृतीवर ठेवला. रुंदी सारखी, पण तिचा अंगठा माझ्यापेक्षा चांगला एक पेर लांब.

"बांगडी आत जाताना हात किती लहान होतो, तेवढं ती सांगते," ते म्हणाले. "तो पसरला की कुठवर पोचतो, ते न्हाई सांगत. मायची विद्या मी भलत्याच जागी लावून राहिलो. इतकी वर्सं."

त्यांनी खिळ्यावरची माळ काढली आणि खोक्यात ठेवली. मला ते बघवेना. एका माणसानं आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला, ते माझ्या एका आखूड अंगठ्यापायी खोक्यात गेलं होतं. मी म्हणाले, "राहू द्या, काका, सवय होईल."

"सवय बैलाला लावतात," ते म्हणाले. "घरी जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाबाहेर पडले, तर वेशीजवळच्या पुलावर काका त्यांची काळी, उंच सायकल घेऊन उभे. आपलं अकरा किलोमीटर चालवत आले होते. "चल," म्हणाले आणि माझ्या मागं निघाले. कधी उजवीकडून, कधी डावीकडून, वाकून वाकून नुसते माझ्या हातांकडं बघत. मी हात कुठं टेकवते, भार कशावर देते, खड्डा आला की काय धरते. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आमच्या गावापासून बाळापूरपर्यंत. दुपारच्या आत आमच्या घरी तीन जणांनी येऊन सांगितलं, की बांगडी मिस्त्री पोरीच्या मागं सायकल घालतोय.

तिसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी बाबा उभे होते. त्यांच्या हातात काठी नव्हती, पण चेहरा काठीसारखाच होता.

"मिस्त्री, माझ्या पोरीच्या मागं काहून येऊन राहिले तुमी?"

"पोरीच्या न्हाई, अंगठ्याच्या," काका म्हणाले. त्यांना यात गंमत काही वाटत नव्हती. "बरं झालं आले. हात दाखवा."

बाबा गोंधळले आणि गोंधळात त्यांनी हात पुढं केला. काकांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि तिनं बाबांचा अंगठा तळहाताला असा आवळून बांधला, की शेवटचं पेर तेवढं मोकळं राहिलं. "आता एवढाच अंगठा हाय तुमाला. पोरीची सायकल घ्या आन् चढ चढून दाखवा. गिअर टाकत टाकत."

मला वाटलं, बाबा दस्ती सोडून त्यांच्या तोंडावर फेकतील. पण आपल्या हाताला कुणी आव्हान दिलं तर शेतकरी माणसाला ते सोडवत नाही. बाबा सायकलीवर बसले. गुडघे हँडलला लागत होते. पहिल्या शंभर पावलांत ते दोनदा खटक्याशी झटले, दात खाल्ले, आणि एकदा सायकल पार रस्त्याच्या मधोमध गेली. समोरून येणाऱ्या दुधाच्या मोटारसायकलवाल्यानं दिलेली शिवी आम्हाला खालपर्यंत ऐकू आली. अर्ध्या चढावर ते उतरले आणि सायकल ढकलत खाली आले. घामानं डबडबले होते.

त्यांनी दस्ती सोडली. अंगठा चोळत ते माझ्याकडं बघत होते. "तू रोज असं चालवून राहिली?"

मी मान डोलावली.

"मला वाटलं, हिला चालवता येत न्हाई," बाबा काकांना म्हणाले. "आता काय करायचं, मिस्त्री?" महिनाभरात पहिल्यांदाच बाबा हे विचारत होते, आणि मला तिथंच रस्त्यात बसून रडावंसं वाटलं.

"दोन दिवस बघून राहिलो," काका म्हणाले. "ही अंगठ्यानं काहीच करत न्हाई. जोर लावायचा झाला की तळहात लावते. दार ढकलतो तसा. मग खटका अंगठ्याला काहून द्यायचा? तळहाताला देऊ."

त्याच दुपारी त्यांनी एका गंजक्या डब्यातून जुन्या काळचा खटका शोधून काढला. हँडलच्या वर बसणारी एकच लांब दांडी. असले खटके लोकांनी जुनाट म्हणून केव्हाच टाकून दिले होते. अंगठ्याची गरजच नाही, हात जरासा आत सरकवायचा आणि मनगटाजवळच्या गादीनं दांडी रेटायची. आकडे नाहीत, खट् असा आवाज नाही. साखळीची कुरकुर थांबेपर्यंत रेटायचं आणि कान द्यायचा. काकांनी नवीन वायर घातली, तिच्या कव्हरात तेल सोडलं, दांडीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला म्हणजे घामानं हात सटकू नये. डावीकडचा गिअर तर बंदच करून टाकला. "दोन दोन खटके काय करतीस? एकात चढ होतो." ब्रेकच्या दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो. तो आत पिळला की दांडी मुठीच्या जवळ येते. हे मला पुण्याच्या मामानंही सांगितलं नव्हतं. काका तो पाव पाव फेरा फिरवत होते आणि दर फेऱ्याला माझी बोटं दांडीवर ठेवून बघत होते. बाबा तेवढा वेळ सायकल धरून उभे होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चढाला लागले, तेव्हा वर माळावर बाबा बैलांसाठी गवत कापताना दिसले. आमचं रान त्या बाजूला नाही, आणि तिथलं गवत बैल खातही नाहीत. मी आपली चालवत राहिले. मनात त्या दिवशीचं प्रॅक्टिकल घोळत होतं, बेडकाचं चित्र काढायचं राहिलं होतं. साखळी कुरकुरली, गप्प झाली, पुन्हा कुरकुरली, गप्प झाली. बाबांनी हाक मारली तेव्हा मी थांबले.

"गिअर कवा टाकलास?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. मागं वळून पाहिलं, तर चढ सगळा खाली पडला होता. बाबांनी हातातलं गवत टाकून दिलं आणि उगाच विळा पुसत म्हणाले, "जा, उशीर होईल."

दुसऱ्या दिवशी पोळ्याला बैलांबरोबर माझ्या सायकलीलाही त्यांनी हळदकुंकू लावलं आणि हँडलला बैलाच्या शिंगांचा लाल गोंडा बांधला. तो मिरवत मी दुकानात गेले, तर काका खवळले. "वायरीत अडकंल तो! सोड आधी!" मग गोंडा सोडून त्यांनी स्वतःच तो मागच्या कॅरिअरला नीट बांधून दिला. माझ्या हाताची आकृती त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढली, या वेळी बोटं पसरून. आणि तिथून पुढं प्रत्येकाची तशीच काढू लागले. जुने लोक तक्रार करत, की आता मिस्त्री बांगडी घालायला लावत नाही, मजा गेली.

त्याच सायकलीवर माझी दोन वर्षं झाली. मी जनावरांची डॉक्टर झाले. लहान हाताची मला आता लाज वाटत नाही. अडलेल्या शेळ्यांना तर त्याचाच मोठा उपयोग होतो. हिंगोली जिल्ह्यातच नोकरी आहे, मोटारसायकलवर फिरते, आणि तिच्या ब्रेकचा स्क्रूही पिळून घेतला आहे.

मागच्या उन्हाळ्यात बाळापूरला गेले तर दुकान अर्धं बंद. काका बाकावर बसले होते. "हात दाखव" म्हणाले नाहीत, म्हणून माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. सांधेवातानं बोटं वाकडी झाली होती, अंगठ्याची मुळं गाठीसारखी. "काळी सायकल इकली," ते म्हणाले. "ब्रेक दाबत न्हाई. मूठ आवळत न्हाई. पायात जोर हाय बघ, पण हात आठवत राहतो." एवढं बोलून ते भिंतीवरच्या पंजांकडं बघत राहिले. त्या माणसाला असं पाहून मला मनापासून वाईट वाटलं.

मी गावी गेले आणि गोठ्याच्या माळ्यावरून माझी सायकल काढली. बाबांनी ती धुतली, साखळीला तेल दिलं. गोंड्याचा रंग उडाला होता, पण तो होता. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून मी ती दुकानासमोर आणून उभी केली. काकांनी लांबूनच ओळखलं. म्हणजे मला नाही, खटक्याला.

"म्या काय करू हिचं?"

"हात दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी निमूटपणे हात दिला. तो मी ब्रेकच्या दांडीवर ठेवला. बोटं न वाकवताही ती पोचत होती, जराशा दाबानं ब्रेक लागत होता. तळहाताची गादी खटक्याला लावली. दांडी रेटली गेली. सव्वादोनच्या हातासाठी त्यांनी जे काही केलं होतं, ते त्यांच्या मोडक्या हाताला जसंच्या तसं बसत होतं. बराच वेळ ते खटका मागं-पुढं करत राहिले. मग सायकलीवर बसले आणि निघाले.

एसटी स्टँडापर्यंत ते गेले. मी रस्त्यात उभी राहून बघत होते. एका रिक्षाला त्यांनी वाट दिली, वळले, आणि परत आले ते चांगल्या वेगात. दुकानासमोर सायकल अलगद थांबली.

"हात आठवला का, काका?"

त्यांनी मुठीवरचा आपला हात उचलून उलटासुलटा पाहिला.

"कोन्ता हात?" ते म्हणाले. "शीट मातर एक बोट वर पायजे. तो पाना दे इकडं, सव्वादोन."